शेवटचा शब्द टेबलाचा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक लांबट खोली होती आणि तिच्यात स्टीलचं एक टेबल होतं. मोठ्या माणसाचे पाय बाहेर लोंबकळतील इतकं ते आखूड, कारण तिथे मोठी माणसं येतच नसत. पोटातच गेलेली, किंवा जन्मून दोन-चार दिवस राहून गेलेली बाळं तेवढी येत. ती का गेली हे शोधणं थोरलीचं काम. हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजिस्ट, घरात थोरली, आणि धाकटी बहीण तिला ताई म्हणे.

वीसेक वर्षं ती हे काम करत होती आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डोक्यावरचा छेद ती एका कानामागून दुसऱ्या कानामागे असा नेई की टाके टोपडं घातलं की दिसतच नसत. अंगावरचे टाके अंगड्याखाली जात. बाळ धुऊन, पुसून, कपडे घालून ती वर पाठवी. आईबापांना बाळ नीटनेटकं मिळे, पण थोरली कधी मिळत नसे. तिने जे शोधलं ते दुसराच कोणीतरी डॉक्टर त्यांना सांगे, ते त्याचे आभार मानत आणि घरी जात. थोरलीला याची सवय झाली होती, निदान तिला तसं वाटत होतं.

मग धाकटी त्याच हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून आली. तिने आल्या आल्या विचारलं की गेलेल्या बाळांना एमआरआयच्या मशीनमध्ये ठेवून का बघू नये? सकाळचे पेशंट यायच्या आधी मशीन रिकामंच असतं. चिरणं नाही, टाके नाहीत. ज्या आईबापांनी सुरीचं नाव काढताच मान फिरवली असती ते मशीनला हो म्हणू लागले. धाकटी स्वतः त्यांच्याशेजारी बसून पडद्यावर चित्रं दाखवी. एका बाईने तर तिला मिठी मारली, आणि ही बातमी तळमजल्यापर्यंत पोचायला अर्धा तासही लागला नाही.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तिला हेवा वाटत होता, साधा, घरगुती, बहिणीबहिणींतला हेवा, लहानपणी नव्या फ्रॉकवरून वाटतो तसाच. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला तो शोभत नव्हता म्हणून ती त्याला शास्त्रीय शंका म्हणत असे. ‘मशीनला बारीक हृदय कळत नाही,’ ती म्हणे. ‘जंतुसंसर्ग कळत नाही.’ हे खरंही होतं. पण खरं बोलतानाही तिच्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या लपत नसत.

धाकटीचा दोष म्हणाल तर एकच, ती स्वभावाने चांगली होती. थोरलीने शंका काढली की ती म्हणे, “बरोबर आहे ताई, मला ते दिसतच नाही. तू शिकव ना.” आणि खरंच शिकायला येई. मेल्यानंतर छातीत थोडं पाणी साठतंच, तो आजार नव्हे, हे तिला थोरलीनेच शिकवलं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, त्यामुळे थोरलीची फारच अडचण झाली.

शेवटी विभागप्रमुखांनी तोडगा काढला. काही महिने, ज्यांची परवानगी असेल त्या बाळांचं दोन्ही करायचं. आधी धाकटीचं मशीन, मग थोरलीचं टेबल. एकीने दुसरीला काही विचारायचं नाही. सोमवारच्या बैठकीत आधी धाकटीने चित्रं दाखवायची आणि मग थोरलीने काय होतं ते सांगायचं. दोघींचं जुळलं नाही तर थोरलीचं खरं मानायचं, कारण तिने प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. शेवटचा शब्द टेबलाचा, हा तिथला जुना रिवाज होता. महिने संपले की ठरणार होतं, आईबापांना यापुढे टेबलाऐवजी मशीन देऊ करायचं की नाही. म्हणजे थोरलीने उरलेली वर्षं काय करायचं, हेच ठरणार होतं.

एका रविवारी दोघी आईकडे गेल्या होत्या. आई मटार सोलत होती आणि शेजारीण मदतीच्या नावाखाली खात होती. आई तिला सांगत होती, “आमची धाकटी बाळांना हातसुद्धा लावत नाही. बाहेरूनच आतलं सगळं बघते. लोक पाया पडायचे बाकी राहिलेत.”

“आणि थोरली?” शेजारणीने विचारलं.

“ती आहे ना, तिथेच हॉस्पिटलात.” आईने पुढची शेंग उचलली.

एवढंच. थोरली कपाटातून कप काढत होती, तिथेच थांबली. वीस वर्षांत आईने कोणालाही तिचं काम नीट सांगितलं नव्हतं, विषय निघाला की आई मूग गिळून बसे. धाकटीच्या कामाला मात्र आईला शब्द सापडले होते, आणि किती सापडले होते. धाकटीला ते जाणवलं असावं. ती घाईने म्हणाली, “आई, मी बघते ते खरं की खोटं ते ताईच ठरवते.” त्यावर शेजारीण म्हणाली, “अय्या, किती गं तू साधी,” आणि कौतुक पुन्हा धाकटीच्याच पदरात पडलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तिने सगळ्यांना दिला आणि स्वतः न पिताच निघाली.

त्याच आठवड्यात एक बाळ आलं. मुलगा, आठव्या महिन्यात पोटातच गेलेला, आणि गेल्यावर बरेच दिवस आत राहिलेला. त्या जोडप्याचं हे दुसरं. पहिलंही असंच गेलं होतं, पण त्याला कोणी तपासलं नव्हतं. या वेळीही बाप म्हणत होता, मशीन चालेल, सुरी नको. त्याला राजी केलं धाकटीने. “खाली माझी ताई आहे,” ती म्हणाली होती. “तिने हात लावलेला कळतसुद्धा नाही. माझं स्वतःचं बाळ असतं तरी मी तिच्याकडेच दिलं असतं.” हे थोरलीला नर्सकडून कळलं. ऐकून ती क्षणभर सुखावली आणि लगेच चिडली, की आता आपल्याला काम मिळायचं तेही हिच्या शब्दावर.

असं बरेच दिवस आत राहिलेल्या बाळाचा मेंदू फार मऊ होतो. त्याला हवेत उघडलं तर तो स्वतःच्याच वजनाने फाटतो. म्हणून थोरली पसरट भांड्यात पाणी घेई आणि डोकं त्या पाण्याखाली धरून उघडी. मेंदू पाण्यात तरंगत बाहेर येई आणि मग तो अलगद बघता येई. ही युक्ती बहुतेक वेळा साधत असे, पण त्या दिवशी साधली नाही. कवटीचा पापुद्रा बाजूला केला आणि मेंदू भिजलेल्या साबणासारखा तिच्या बोटांतून सुटला. पाणी गढूळ झालं. डावा भाग कुठला, उजवा कुठला, मधे काय होतं, काही कळायला मार्ग उरला नाही.

असं पूर्वीही झालं होतं. अशा वेळी ती बैठकीत सरळ सांगे, ‘मेंदू तपासता आला नाही’. त्यात लाज नव्हती. या वेळी मात्र तिने भांड्याकडे बराच वेळ पाहिलं. वर धाकटीच्या पडद्यावर हाच मेंदू अखंड होता, कोणी हात न लावलेला. बाकीचं बाळ तिने तपासलं. हृदय, फुप्फुसं, किडन्या, सगळं जागच्या जागी होतं. टाके तिने नेहमीपेक्षाही बारीक घातले.

सोमवारी बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. हल्ली धाकटीची चित्रं बघायला इतर विभागांतलेही येत. तिने मेंदूचं चित्र लावलं. “मेंदूच्या दोन भागांना जोडणारा इथे एक पूल असतो,” ती म्हणाली. “या बाळाला तो नाहीये. मुळात तयारच झालेला नाही. मला वाटतं, आईबाप दोघांच्या जनुकांची तपासणी करायला हवी. पहिल्या बाळाचंही कदाचित हेच असेल.”

सगळे पडद्याकडे झुकले. विभागप्रमुख कौतुकाने म्हणाले, “सुंदर. इतक्या मऊ मेंदूत हे टेबलावर कोणाला सापडलं असतं?” मग त्यांना रिवाज आठवला आणि ते थोरलीकडे वळले. “हं, सांगा.”

थोरलीने तोंड उघडलं तेव्हा तिला खरं तेच सांगायचं होतं. पण तिला प्रमुखांचा तो ‘सुंदर’ ऐकू येत होता, मटार सोलणारी आई दिसत होती, आणि तिच्याकडे वळलेली सगळी तोंडं अजून अर्धी पडद्याकडेच होती.

“पूल होता,” ती म्हणाली.

“होता?” प्रमुखांनी विचारलं.

“पातळ होता, पण होता. मी पाहिला. नंतर फोटो काढेपर्यंत टिकला नाही.”

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ती वाद घालेल, निदान चित्र पुन्हा दाखवेल, अशी थोरलीची अपेक्षा होती. किंबहुना तिने घालावा म्हणून ती दबा धरून बसली होती. पण धाकटीने मान हलवली. “मग माझं चुकलं,” ती म्हणाली. “ताईने पाहिलंय ना.” आणि तिने पडदा बंद केला.

बैठक संपल्यावर ती थोरलीच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. चेहरा उतरलेला होता. “बरं झालं दोन्ही केलं ते,” ती म्हणाली. “मी त्यांना काय सांगून बसले असते गं? मी सरांना सांगणार आहे, टेबलाशिवाय नुसतं मशीन नको. मला अजून तेवढं कळत नाही.”

थोरलीला जे जे हवं होतं ते सगळं जिन्याच्या तीन पायऱ्यांवर तिला मिळालं. टेबल राहिलं, शब्द राहिला, धाकटीचं नाक खाली झालं. तिने आनंद व्हायची वाट पाहिली. तो काही झाला नाही.

“ते दोघं आलेत,” धाकटी म्हणाली. “तूही चल ना. बाळाला ज्यांनी कपडे घातले, त्यांना भेटायचंय म्हणत होती त्याची आई.”

नातेवाइकांच्या खोलीत एक सोफा, दोन खुर्च्या आणि न चालणारं घड्याळ होतं. बाई सोफ्याच्या कडेवर बसली होती, नवरा उभा होता. थोरली आईबापांसमोर पहिल्यांदाच आली होती, आणि हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

“या माझ्या ताई,” धाकटी म्हणाली. “यांनी बाळाला स्वतः पाहिलंय. मला आधी मेंदूत एक दोष वाटला होता, पण तो माझा गैरसमज होता. मेंदू नीट होता.”

बाईने थोरलीला शेजारी बसवून घेतलं आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. “तुम्ही त्याला किती छान तयार केलंत,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, मला बघवणार नाही. मी त्याला तासभर मांडीवर घेऊन बसले.” ती रडत होती पण हात सोडत नव्हती. थोरलीला त्या हातांची ऊब कोपरापर्यंत चढलेली जाणवली. हेच ते, तिच्या मनात आलं. हेच धाकटीला रोज मिळत होतं. आणखी थोडा वेळ मिळावं, बस्स, आणखी थोडा वेळ, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लाजही वाटली नाही.

“म्हणजे आमच्या दोघांत काही दोष नाही?” नवऱ्याने विचारलं. “कारण आम्ही ठरवलं होतं, दोष असेल तर पुन्हा नाही. हिला तिसऱ्यांदा यातून जाऊ द्यायचं नाही.”

“तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?” बाईने विचारलं. “तुमच्या तोंडून ऐकलं की मी पुन्हा धीर करीन.”

धाकटीही तिच्याकडेच पाहत होती, तिच्या होकाराची वाट बघत. तिने सगळा भार ताईवर टाकला होता आणि तिला त्याचं काही ओझंही वाटत नव्हतं.

“नाही,” थोरली म्हणाली. “मी नाही पाहिलं. माझ्या हातात मेंदू टिकलाच नाही. मी खोटं सांगितलं. दोष आहे, हिला दिसला तोच आहे. तुम्ही तपासण्या करून घ्या. त्याआधी काही ठरवू नका.”

नवऱ्याने भिंतीला हात टेकला. बाईच्या बोटांची पकड आधी सैल झाली, मग हात थोरलीच्या हातातून निघून गेला. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने थोरलीकडे एकदाच पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि खुर्ची ओढून ती बाईच्या समोर बसली. कोणती तपासणी, कुठे करायची, निकालाला किती दिवस, त्यातून काय काय कळू शकतं, आणि दोष निघाला तरी पुढचं बाळ धडधाकट होणं शक्य असतं का, हे सगळं ती सांगत राहिली. आवाज सुरुवातीला कापत होता, मग स्थिर झाला. ताईबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

थोरलीला उठून जायला हवं होतं, पण ती सोफ्यावर तशीच बसून राहिली. आता टेबल जाणार होतं, त्याचा शब्द जाणार होता, आणि बहिणीच्या त्या नजरेत आणखी काय काय गेलं ते मोजायचीही तिची हिंमत नव्हती. तिच्या शेजारी बसलेल्या बाईने पुढे वाकून धाकटीचा हात धरला. थोरली त्या हाताकडे बघत राहिली, आणि एवढं सगळं करून बसल्यावरही तिला त्याचा हेवाच वाटला.