मधल्या खुणेपासून चौथा हात

मी एक जुना दोर आहे, आणि मी कुणावरही चटकन विश्वास ठेवत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, मित्रांनो, म्हणजे नंतर तुम्ही मला कुजकट म्हणायला नको. ज्याच्या टोकाला माणूस लटकतो त्याने भोळं असून चालत नाही. गाठ दिसली की मला वाटतं, सुटेल. खडक दिसला की वाटतं, कापेल. आणि कुणी हसत हसत "अरे, काही होत नाही" म्हणालं, की माझ्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा.

माझा जन्म कारखान्यातला. एका उंच यंत्रावर धाग्यांच्या रिळांची फेरी चालायची आणि त्यांच्यामधून मी वेणीसारखा विणला जात खाली उतरलो. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वर नारिंगी विणीचं आवरण, त्यात एकच निळा धागा. लांबी चाळीस मीटर, बरोबर मध्यावर एक काळी खूण. शेवटच्या टेबलाशी चष्मा लावलेल्या एक बाई बसायच्या. त्या दोर बघत नसत, बोटांनी चाचपत. शेजारच्या माणसाने एकदा विचारलं, "बाई, यंत्राने तपासलाय की. पुन्हा कशाला?"

"यंत्राला कोण तपासतं?" बाई म्हणाल्या आणि पुढचा हात ओढला.

मला त्या फार आवडल्या. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेला असणार.

तिथून मी तिघा मित्रांच्या हाती आलो. तिघं एकाच गल्लीत वाढलेली. एक कपडे शिवायचा, त्याला सगळे टेलर म्हणत. दुसरा शाळेत भूमिती शिकवायचा, तो मास्तर. तिसरी रुग्णालयात परिचारिका, ती सिस्टर. सुट्टी मिळाली की तिघं घळींमध्ये उतरायची. घळ म्हणजे पाण्याने डोंगर चिरून केलेली अरुंद, खोल वाट. दोन्हीकडे उंच भिंती, मध्ये धोंडे, डबकी आणि मधूनच एखादा सरळ कडा. कडा आला की माझं काम सुरू.

या तिघांची एक रीत होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी टेलर दुकानाचं अर्धं शटर ओढायचा, डोळे मिटायचा आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांमधून घालायचा. हात-हात करत, अगदी सावकाश. त्याची बोटं म्हणजे काय सांगू! कापडाच्या घडीत हरवलेला केस ती शोधून काढत. एकदा माझ्या आवरणाखाली वाळूचा एक कण शिरला होता, तोही त्याने पकडला. सगळं नीट असलं की तो एकच शब्द बोलायचा, "पास." त्यानंतर मला कुणीही पुन्हा तपासायचं नाही. टेलरने पास म्हटल्यावर पुन्हा चाचपणं म्हणजे त्याचा अपमान, असं तिघांनी मानलेलं होतं. खरं सांगायचं तर मीही मानलेलं होतं. सगळ्या जगात फक्त त्या दहा बोटांवर माझा विश्वास होता.

ते दिवस चांगले गेले. एकदा ओल्या कड्यावर मास्तरचा पाय सटकला आणि त्याचं सगळं वजन एका झटक्यात माझ्यावर आलं. मी ताणलो, कण्हलो, पण सोडलं नाही. त्या दिवशी खाली पोचल्यावर मास्तरने मला चक्क गळ्यात घालून मिरवलं. "सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तसला आहे हा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. माझी छाती फुगली होती, दोराला असते तेवढी.

मग त्यांना संसार लागले आणि माझी सुट्टी वाढत गेली. वर्षातून चारदा, मग एकदा, मग सात वर्षं एकदाही नाही. मी टेलरच्या दुकानात, कापडाच्या फळीखाली फरशीवर पडून असायचो. दुकानात सारखी वीज जायची म्हणून त्याने एक मोठी बॅटरी आणली आणि ती ठेवली नेमकी माझ्या शेजारी. ती बॅटरी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिला सारखा घाम यायचा आणि वास उग्र. एकदा टेलरने तिच्यात पाणी भरताना जरा जास्तच ओतलं. झाकणातून ॲसिडचं पाणी ओघळलं आणि माझ्या एका वेढ्यात मुरलं. मधल्या खुणेपासून चौथा हात. वरून काही कळत नव्हतं, रंगही फारसा उडाला नाही. पण आतला गाभा हळूहळू मऊ पडला, जुन्या उशीतल्या कापसासारखा.

मी वाट बघत होतो. टेलर मला हातात घेईल तेव्हा त्याला कळेलच, याची मला खात्री होती. पण त्याच सुमाराला मला टेलरचाही संशय येऊ लागला.

एकदा तो पांढऱ्या सदऱ्याला काज करत होता. सुई बोटात गेली, रक्त आलं, कापडावर डाग पडला, आणि तो शिवतच राहिला. डाग दिसल्यावर दचकला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. तिने त्याचा हात उलटा केला.

"अहो, हा फोड कसला? इस्त्रीचा? कधी भाजलं?"

"सकाळीच," तो म्हणाला आणि हात मागे घेतला. भाजल्याचं त्याला तिच्याकडूनच कळलं होतं, हे मी फरशीवरून बघितलं. कुठेतरी पाणी मुरतंय, मी स्वतःशी म्हटलं.

त्यानंतर महिन्याभराने सिस्टर दुकानात आली. परिचारिका छातीवर उलटं लावतात ते घड्याळ अजून होतं, केस पांढरे झाले होते. "पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय," ती म्हणाली. "गुडघे अजून माझं ऐकतात. ते फिरायच्या आत एकदा ती मोठी घळ पुन्हा करू या. तिघंच." टेलर हो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

आदल्या दुपारी अर्धं शटर ओढलं गेलं. टेलरने डोळे मिटले आणि मी त्याच्या बोटांमधून सरकू लागलो. काळी खूण गेली. पहिला हात, दुसरा, तिसरा. चौथा आला. बोटं त्या मऊ जागेवरून सरळ पुढे गेली, इस्त्री कापडावरून जाते तशी. टोक आल्यावर त्याने डोळे उघडले. स्वतःच्या बोटांकडे बराच वेळ बघितलं. अंगठ्याचं नख तर्जनीच्या टोकात रुतवलं, आणखी जोरात रुतवलं. मग रिकाम्या दुकानात हळूच म्हणाला, "पास."

मित्रांनो, माझ्यावर आभाळ कोसळलं. ज्या बोटांच्या जिवावर मी आयुष्य काढलं, ती मेलेली होती. आणि हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं घळीच्या तोंडाशी होती. मी टेलरच्या पाठीवर. पहिले दोन तास नुसते धोंडे, घरांएवढे. बसून घसरायचं, पोटावर पालथं होऊन पाय सोडायचे. मग भिंती जवळ आल्या आणि पाणी लागलं, आधी घोट्याएवढं, मग कमरेएवढं, बर्फासारखं गार. मास्तर आता चांगलाच जाडजूड झाला होता. दर दहा पावलांनी थांबायचा आणि थांबण्याला निमित्त शोधायचा. "ही भिंत बघा, काटकोनाला किती जवळ आहे," तो म्हणायचा.

"तू धापा टाकतोयस," सिस्टर म्हणायची.

"मी मोजमाप करतोय."

तिघं हसायची. मी हसत नव्हतो. मी टेलरच्या हातांवर पाळत ठेवून होतो. तो खडक पकडताना आधी हाताकडे बघायचा, बोटं नीट बसली का ते डोळ्यांनी तपासायचा, मगच वजन टाकायचा. एका झुडपाला धरून तो वर चढला तेव्हा तळहाताच्या कडेला बोटभर लांबीचा काटा घुसला. तो काट्यासकट चालत राहिला. हे बघणारा मी एकटा नव्हतो. मागून सिस्टर येत होती, आणि तिचं बोलणं एकदम थांबलं. तिने पुढे होऊन तो काटा काढला. टेलर म्हणाला, "हो, मी काढणारच होतो." तेव्हापासून दोघंजण पाळतीवर होतो.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती जागा आली. वाट संपली आणि खाली तीन-चार मजल्यांएवढा सरळ कडा. तळाशी धोंडे, पलीकडे हिरवं पाणी. खडकात एक लोखंडी कडी ठोकलेली. मला मध्यावरून त्या कडीत ओवायचं, दोन्ही टोकं खाली सोडायची, एकेकाने उतरायचं आणि खालून मला ओढून घ्यायचं. एकदा ओढून घेतला की परतीची वाट बंद. पुढेच जायचं. पहिला उतरायचा तो मास्तर, कारण सगळ्यांत जड माणूस आधी, अशीही त्यांची रीत होती.

मला खडकातल्या कडीत ओवून खाली सोडलं आणि मास्तरने कमरेचा पट्टा बांधला. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "थांब. दोर मला जरा बघू दे."

टेलरचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "का? मी पास केलाय."

"माहीत आहे. तरी बघते."

"इतक्या वर्षांत कधी बघितलास? आजच काय झालं?"

"तेच तुला विचारतेय. काय झालं?"

मास्तरला ते बिलकुल आवडलं नाही. "ए, आता म्हातारपणी भांडू नका," तो म्हणाला. "टेलरवर संशय घ्यायचा तर मग राहिलं काय? त्याने पास म्हटलं, विषय संपला." आणि त्याने मला पट्ट्याच्या कडीत अडकवलं, कड्याकडे पाठ केली, पाय रोवले आणि मागे झुकला. चौथा हात अजून त्याच्या पट्ट्याच्या खाली लोंबत होता. दोन पावलं, फार तर तीन, आणि त्या मऊ कापसावर मास्तरचं सगळं वजन येणार होतं. तुमच्यासारखं तोंड मला असतं, तर मी बोंब मारली असती.

मास्तरने टेलरकडे बघून डोळा मिचकावला. "निघू?"

ते एवढंसं विचारणं टेलरला सोसलं नाही. तो पुढे झाला आणि त्याने मास्तरचा पट्टा दोन्ही मुठींनी धरला. "उतरू नकोस," तो म्हणाला. "वर ये. मी दोर हातातून घातला, पण मला काही कळलं नाही. वर्ष झालं. बोटांना काहीच कळत नाही रे."

दोघांनी मिळून मास्तरला आत ओढलं. सिस्टर खाली बसली आणि तिने मला बोटांतून घालायला घेतलं. चौथ्या हातावर थांबली. तिने तिथे मला दुमडलं, तर मी कागदासारखा दुमडलो. तिने ती घडी मास्तरपुढे धरली.

मास्तरने ती घडी स्वतःच्या हाताने उलगडून पुन्हा दुमडली. "मी उतरलो असतो," तो म्हणाला. "तू म्हणालास म्हणून मी उतरलो असतो."

"शिंप्याची बोटं गेली म्हटल्यावर कापड कोण देणार होतं मला?" टेलर म्हणाला. "वाटलं, झाकली मूठ आहे तोवर झाकलेली राहू दे."

"आणि हा खाली पडला असता तर?" सिस्टरचा आवाज फाटला. "झाकलेली राहू दे म्हणे. रोज असले हात बघते मी. मला सांगायला काय झालं होतं?" ती रडत होती आणि रडता रडताच त्याच्या तळहातावर औषध लावत होती.

ते हिरवं पाणी त्यांना मिळालं नाही. आलेल्या वाटेने सगळी घळ पुन्हा चढायची होती. उतरताना जे धोंडे घसरून पार केले, ते आता छातीवर येत होते. सिस्टर पुढे राहिली. प्रत्येक पकडीला ती टेलरचा हात धरून खडकावर ठेवायची, "इथे. आता आवळ." खालून मास्तर खांदा लावायचा. टेलर दर वेळी "हं" म्हणायचा आणि चढायचा. सात तास लागले. मास्तरने एकही कोन मोजला नाही. मी मात्र सिस्टरच्या पाठीवर होतो, आणि खडक कापेल की काय, याची काळजी मी त्या दिवशी पहिल्यांदाच केली नाही. आता मला कोण लटकणार होतं?

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी टेलरची वाढलेली साखर शोधली. बोटांतली जाणीव थोडी परत येईल किंवा येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. टेलर आता कापड बेततो आणि गिऱ्हाइकांची मापं घेतो, शिवणावर बायको बसते. गिऱ्हाइकांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं. एकही गेलं नाही. मला मात्र कात्रीने कापलं, भोळेपणाने कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. ते योग्यच झालं. चौथ्या हाताचा तुकडा तेवढा दुकानात खिळ्याला टांगला आहे. तोच मी.

मित्रांनो, तुमच्या घरात दोर असेल तर त्याला बॅटरीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा, हे तर झालंच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचं कामसुद्धा एकदा तपासून बघा, आणि तुमचं कुणी तपासलं तर रुसू नका. त्या चष्म्यावाल्या बाईंना कुणाचा राग नव्हता.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सिस्टर आणि मास्तर दुकानात येतात. टेलर डोळे मिटतो, सिस्टर मला त्याच्या हातात देते, आणि त्याने मऊ जागा शोधायची. गेल्या खेपेला तो बरोबर तिथेच थांबला. मास्तरने टाळी वाजवली. मला मात्र दाट संशय आला की या टोकापासून अंतर किती ते त्याने पाठ करून ठेवलंय. सिस्टरलाही आला असावा. तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं, उलटं फिरवलं आणि पुन्हा दिलं.

टेलरची बोटं हळूहळू सरकत गेली. मऊ जागा आली, गेली, टोक आलं. त्याने डोळे उघडले आणि दोघांकडे बघितलं.

"नाही कळलं," तो म्हणाला.

त्याचं हे म्हणणं मी पुन्हा तपासलं नाही.