बाईंचा नऊचा गजर

काटेमास्तरांच्या दुकानात चाळीस घड्याळं, आणि गोळीची वेळ चुकायची ती नेमकी त्यांचीच! ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा अशी गोष्ट. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी तो मारलासुद्धा.

"मास्तर, डबीत सहा गोळ्या जास्त उरल्यात," ताई म्हणाल्या. "रक्तातला विषाणू परत डोकं वर काढतोय. एचआयव्हीचं औषध आहे हे, रोजच्या रोज पोटात गेलं पाहिजे. अशाच दांड्या मारल्यात तर ही गोळी लागू पडायची थांबेल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

तीन महिन्यांनीच मास्तरांची लेक बाळंत व्हायची होती. पहिलं नातवंड! ऐन तेव्हाच आपण अंथरूण धरलं तर? 

"गजर लावत नाही का?" ताईंनी विचारलं.

"लावतो की! रोज सकाळी नऊचा."

"मग अडतं कुठे?"

मास्तरांनी मान खाली घातली. दुरुस्त झालेल्या घड्याळाचा गजर वाजतो का हे बघायला ते त्यावरच नऊचा गजर लावत. त्यातच गोळीचीही सोय. पण गिऱ्हाईक घड्याळ घेऊन गेलं, की मास्तरांचे नऊही त्याच्या पिशवीतून चालते व्हायचे.

"अहो, मग घरचं घड्याळ?"

"चार वर्षं बंद आहे. उद्या करतो, उद्या करतो म्हणतोय."

ताई हसून हसून खुर्चीवरून पडायच्याच बाकी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडून बसतात न बसतात, तोच समोरच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, अख्खी गल्ली त्यांना वचकून असायची. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं घड्याळ, आणि आत नुसता ठणाणा.

"तुम्ही दुरुस्त केल्यापासून हे रोज नऊला बोंबलतंय. कळ दाबली तरी ऐकत नाही!"

"नऊ वाजले?" मास्तर टुणकन उठले, पडद्याआड गेले, गोळी गिळून आले. "कळ अडकलीय, बाई. ठेवून जा, उद्या करतो."

"ठेवून कशी जाऊ? त्याच्या टिकटिकीशिवाय मला झोप येत नाही. उद्या परत येते."

उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा. बाई रोज नऊला ठणाणा घेऊन हजर, आणि मास्तर रोज पडद्याआड. आठव्या दिवशी बाईंनी सरळ पडदाच बाजूला केला. मास्तरांच्या हातात डबी होती.

संपलं, मास्तरांना वाटलं. आता गल्लीभर होणार. एक गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही.

बाईंनी डबीवरचं नाव चष्मा वर करून वाचलं. मग झाकण नीट लावून डबी परत त्यांच्या हातात ठेवली.

"माझ्या धाकट्या भावाला हाच आजार होता," त्या म्हणाल्या. "त्याला औषध मिळालं तेव्हा फार उशीर झाला होता. तुमच्या तर हातात आहे, आणि तुम्ही गजराची वाट बघत बसता?"

मास्तरांचे डोळे भरून आले. "बाई, आत्ताच्या आत्ता करून देतो घड्याळ."

"हात लावून तर बघा! आहे तसंच राहू दे."

त्या दिवसापासून बाई येताना पाण्याचा तांब्याही आणू लागल्या. गोळी घशाखाली उतरल्याशिवाय जागच्या हलायच्या नाहीत. तीन महिन्यांनी ताईंनी गोळ्या मोजल्या. एकही जास्तीची नव्हती. रक्ताचा रिपोर्ट बघून तर ताईंनी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. विषाणू पार दबला होता.

मास्तर लेकीच्या गावी गेले. सकाळी नातीला मांडीवर घेऊन बसले, आणि तिच्या एवढ्याशा बोटांकडे बघता बघता जगाचा विसर पडला. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, तर पलीकडून नुसता ठणाणा!

नात दचकली, लेक धावत आली. मास्तर खो खो हसत सुटले.

"हसताय काय?" गजरावर आवाज चढवून बाई ओरडल्या. "पाणी घेतलंत का?"