दाढीवर फुटलेलं खापर

डायलिसिसच्या खुर्चीत बसले की कंडक्टरकाका आधी खोलीभर नजर फिरवून म्हणायचे, "पुढे सरका, मागे जागा आहे." बसची नोकरी संपली, आता आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला बांधलेले, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या हाताला सुया टोचायचं काम माझं.

या तिमाहीच्या तपासणीत त्यांना हिपॅटायटिस सी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, बरा होतो म्हणाले, आणि नेहमीचे प्रश्न विचारले. रक्त चढवलं होतं का, दात काढला का, दाढी कुठे करता. रक्त नाही, दात नाही. दाढी मात्र धाकटा भाऊ करायचा. त्याचं सलून आहे. दर रविवारी पेटी घेऊन घरी यायचा. काकूंनी तिथल्या तिथे त्याच्यावर खापर फोडलं. कुणाकुणाला लावलेला वस्तरा माझ्या माणसाच्या गालावर फिरवला, म्हणाल्या, आणि दिराला घर बंद केलं. दरवेळी नवं पातं लावतो, अशी तो शपथ घ्यायला लागला, तर म्हणे शपथा काय, पैशाला पासरी. गल्लीत बातमी गेली. सलूनमधल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

परवाच्या डायलिसिसला काका हे सांगत होते आणि मी मान खाली घालून पट्टी चिकटवत होते.

मला अडीच महिन्यांपूर्वीचा एक मंगळवार आठवत होता. कोपऱ्यातलं यंत्र हिपॅटायटिस सी असलेल्या एका आजींसाठी वेगळं ठेवलेलं, त्यांच्यासाठी नर्सही वेगळी. ती रजेवर होती, म्हणून दोन्हीकडे मीच. माझं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं. दूध भरून छाती दगड झाली होती, ब्लाउज भिजला होता, आणि मी घड्याळाकडे बघत आजींच्या सुया काढत होते. तेवढ्यात काकांचा अलार्म वाजला. आजींना म्हटलं, बोळा तुम्हीच दाबून धरा, आणि धावले. काकांची सरकलेली सुई नीट केली, रक्त पुसलं, पट्टी बदलली. मग हातांकडे लक्ष गेलं. हातमोजे तेच होते.

कुणाला बोलले नाही. चार दिवस घास उतरला नाही, पाचव्या दिवशी उतरला.

आज सकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढे केला, लिहून दे म्हणाले; त्या दिवशीच्या सगळ्यांच्या तपासण्या पुन्हा करू, आणि काकांशी मी बोलतो. मी म्हटलं, त्यांना मीच सांगते.

त्यामुळेच झालं असेल असं छातीठोक म्हणता येत नव्हतं, तेही काकांना सांगितलं.  त्यांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

"आज सुई दुसऱ्या कुणाला टोचू दे, पोरी."

त्यांनी मोबाइलवर भावाचा नंबर लावला आणि फोन माझ्याकडे दिला. भावाने सगळं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"वहिनीला सांगितलंत का?" एवढंच त्याने विचारलं.

नव्हतं सांगितलं. काकू बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी फोन तसाच चालू ठेवला आणि दाराकडे निघाले.