दुहेरी पडदा

छापखान्यातला कागद कापणारा वर्षानुवर्षं रात्रपाळी करायचा. सकाळी घरी यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. त्याला दिवसा झोप लागावी म्हणून बायकोने खिडकीला काळा पडदा शिवला होता, दुहेरी. उजेडाची काय बिशाद आत यायची!

बायको गेली. एकट्या माणसाला रात्री कशाला राबवायचं, म्हणून मालकांनी त्याला दिवसपाळी दिली. भलं करायला गेले आणि भलतंच झालं. कामावरून आलं की झोपायचं, ही त्याची सवय. संध्याकाळी तो पडदा ओढून पडायचा आणि मध्यरात्री टक्क जागा व्हायचा. मग भूक लागायची, जे असेल ते पोटात ढकलायचा. दुपारी मशीनपुढे डोळे मिटायचे. एकदा पातं खाली येऊ लागलं तेव्हा हात आतच होता. शेजारच्याने मागे खेचला म्हणून निभावलं.

"काका, बोटं दहाच मिळतात. जपून वापरा!" हात खेचणारा हसत म्हणाला.

फोरमन हसला नाही. "पुन्हा डुलकी घेताना दिसलात तर मशीन काढून घेईन. मग बसा गठ्ठे बांधत."

लेकीने त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि पडद्यापासून सगळं सांगितलं. रक्तात साखर निघाली.

"अपरात्री जेवता, उजेड बघत नाही. शरीराला दिवस कधी उगवतो तेच कळेना झालंय," डॉक्टर म्हणाले. "सकाळी उन्हात बसा, संध्याकाळी झोपू नका. आणि तो पडदा काढा."

"पडदा नाही निघायचा."

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आईने तो तुमच्या झोपेसाठी शिवला. आता तोच तुमच्या झोपेच्या मुळावर उठलाय."

"तिने काढू दिला असता का?"

"तुम्हाला विचारलंही नसतं. ओढून काढून धुवायला टाकला असता."

ते खरंच होतं.

सुटीच्या दिवशी त्याने पडदा उतरवला. धुतला नाही. दारापुढच्या पायरीवर घडी घालून टाकला आणि रोज सकाळी त्यावर बसू लागला. संध्याकाळी पाय खाटेकडे वळायचे, नेमका तेव्हाच लेकीचा फोन यायचा. ती काहीबाही बडबडत राहायची.

हळूहळू रात्री झोप लागू लागली. साखर अजून हट्टाला पेटलेली आहे, पण मशीन त्याच्याकडेच आहे.

एकदा उन्हात त्याला दिसलं, की पडद्याची एका कोपऱ्यातली शिवण पांढऱ्या दोऱ्याची आहे. काळा दोरा संपला असणार. इतकी वर्षं अंधारात ते दिसलं नव्हतं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि कामाला निघाला.