खुर्चीला सांगितलेलं

आमच्या घरातले दोन भाऊ दहा-अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दिवसभर एकाच दुकानात काम करायचे. थोरला लाकडाचे सांगाडे बनवायचा, धाकटा त्यावर स्प्रिंगा, फोम आणि कापड चढवायचा. धाकटा म्हणजे माझा नवरा. मी घरी मशीनवर कव्हरं शिवते, त्यामुळे दुकानातला तमाशा मला फक्त दुपारी डबा द्यायला गेले की बघावा लागायचा. तेवढाही पुरे व्हायचा.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. एका गिऱ्हाइकाची खुर्ची मोडली आणि ते आपटलं. थोरला म्हणाला, स्प्रिंग चुकीची बसवली. धाकटा म्हणाला, सांगाडाच कच्चा होता. बस्स. तेव्हापासून जो आधी बोलेल तो हरला, असं दोघांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं. पण सोफा काही एकट्याने होत नाही. मग हे दोघे खुर्चीशी बोलायला लागले. थोरला समोर पडलेल्या खुर्चीला म्हणायचा, "बाई गं, तुझी पाठ शनिवारपर्यंत झाली नाही तर गिऱ्हाईक बोंब मारेल." ह्यांचं उत्तरही तिलाच, "तुझे पाय सरळ असते तर पाठ कधीच झाली असती." रस्त्यावरची माणसं आत येऊन ऐकत थांबायची, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बरं, खुर्चीला सांगितलेलं सगळं खरं असायचं असंही नाही. एकदा थोरल्याने तिला सांगितलं की गिऱ्हाइकाने रंग बदललाय. ह्यांनी नवंकोरं कापड उसवून टाकलं, आणि गिऱ्हाइकाने काही बदललंच नव्हतं. पुढच्याच महिन्यात ह्यांनी खुर्चीला खोटं माप सांगून त्याचं उट्टं काढलं. माझी थोरली जाऊ वारली तेव्हा हे त्यांच्या घरी गेले आणि दाराच्या चौकटीला म्हणाले, "चांगली बाई होती." भाऊजींनी चौकटीकडे बघून मान हलवली. मी मधे उभी होते, मला कुणी काही म्हणालं नाही.

मग भाऊजींना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. इंजेक्शनांवर काही वर्षं बरी गेली, नंतर ती लागू पडेनाशी झाली. डॉक्टरांनी त्यांना नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेतलं. गोळी नवी होती, सगळ्यांना चालणारी नव्हती. काही माणसांच्या अंगात एक जनुक जन्मापासून बिघडलेलं असतं, आईबापाकडून आलेलं. अशांच्या गाठीला स्वतःची दुरुस्ती नीट करता येत नाही, आणि उरलीसुरली वाट ही गोळी बंद करते. मग गाठ आपणच मरायला लागते. भाऊजींचं जनुक नेमकं बिघडलेलं निघालं. कॅन्सर किती आहे ते दाखवणारा रक्तातला पीएसएचा आकडा धाडकन खाली आला, आणि काठी टेकत चालणारा माणूस पुन्हा रंधा मारायला लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर वर्षभराने ह्यांची पाठ धरली. सोफे भरणाऱ्याची पाठ दुखणारच, म्हणून पट्टा झाला, मलम झालं. हे म्हणायचे, वडिलांचीही शेवटी अशीच दुखायची. एक दिवस कापड ताणता ताणता ह्यांचे दोन्ही पाय गेले आणि हे जमिनीवर बसले ते उठलेच नाहीत. भाऊजींनी गाडी बोलावली. उचलताना त्यांनी टेबलाला सांगितलं, "डोकं सांभाळ."

कॅन्सर ह्यांनाही होता, तोच, आणि मणक्यात पोचला होता. घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी भाऊजींचं नाव सांगितलं. ट्रायलचं काम बघणारी एक ताई बाजूला उभी होती. तिने मला बाहेर नेलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, भावाला सांगा. जनुक त्यांच्यातही असण्याची शक्यता अर्धी. वेळेत तपासलं तर गाठ छोटी असतानाच निघते. आम्हाला परस्पर फोन करता येत नाही. दर फेरीला विचारायचे मी. सांगितलं म्हणायचे. तो नको म्हणाला म्हणायचे."

मी तशीच दुकानात गेले. भाऊजी रंधा मारत होते.

"ह्यांना तपासणीचं सांगितलं होतंत?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"सगळं. जनुक, रक्त, डॉक्टर काय म्हणाले ते. एक शब्द गाळला नाही."

"कुणाला सांगितलंत, भाऊजी?"

रंधा थांबला. "तो समोरच होता."

"कुणाला?"

"खुर्चीला," ते म्हणाले. "आमची पद्धत तुला माहीत आहे."

हॉस्पिटलात परत आले आणि ह्यांना विचारलं, तुम्ही ऐकलं होतंत का. ऐकलं होतं, म्हणाले. मग? "मला वाटलं, स्वतःला झालंय तर मलाही घाबरवतोय. कापडाच्या वेळी नव्हतं केलं?" वर म्हणाले, "आणि मला कुठे म्हणाला होता? खुर्चीला म्हणाला होता." कप्पाळ माझं. आम्हाला मूलबाळ नाही. एवढा एकच माणूस माझा, आणि तो एका खुर्चीच्या मानापानावर मरायला निघाला होता. त्या क्षणी मला दोघांचाही असा संताप आला की दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

तरी एक वाट होती. त्या ट्रायलमध्ये थोड्या जागा शिल्लक होत्या आणि आठवडाभरात नोंदणी बंद होणार होती. ह्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन काठावर होतं, पण ट्रायलच्या नियमात बसत होतं. प्रश्न जनुकाचा. सगळं पहिल्यापासून तपासायचं तर तीन-चार आठवडे जाणार. भाऊजींनी आपला रिपोर्ट वापरू दिला तर नेमकं कुठे बघायचं ते प्रयोगशाळेला कळतं, आणि उत्तर दोन-तीन दिवसांत येतं. नुसती एक सही लागत होती.

"देतो की," भाऊजी म्हणाले. "त्याने मागावं."

"मी मागते."

"तू नाही. त्याने. तोंडाने, मला."

मी हात जोडले. ते लाकडावरचा भुसा फुंकत राहिले. इकडे हे म्हणाले, "मरेन, पण मागणार नाही." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन्हीकडे नुसता पीळच होता. त्या हेलपाट्यांत तीन दिवस गेले. शेवटी मी ह्यांना म्हटलं, "ठीक आहे. उद्या मी येणार नाही. लघवीचं भांडं खुर्चीला मागा."

आणि गेले नाही. घरी बसून कव्हरं शिवत राहिले. वॉर्डात एक नर्स आणि एवढी माणसं, ती कुठे कुठे पुरी पडणार? हे ओल्या चादरीवर संध्याकाळपर्यंत पडून होते. दुसऱ्या दिवशी मी गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बोलव त्याला."

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशाला पेन लावून आले होते मेले, म्हणजे सही करायचीच होती. कॉटजवळ बसले.

"दादा," हे म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "तुझा रिपोर्ट दे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "काही आवाज आला का गं?"

ह्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. शेजारच्या कॉटवरचा माणूस उठून बसला.

"कसला रिपोर्ट?"

"जनुकाचा. माझ्यासाठी. दे, दादा."

"देईन," भाऊजी म्हणाले. "ती खुर्ची कशामुळे मोडली?"

ह्यांनी तोंड फिरवलं. मी मधे पडायला हवं होतं, पण मला सही हवी होती. मी ह्यांच्या दंडाला धरून हलवलं आणि म्हटलं, "अहो, सांगा ना."

"स्प्रिंग," हे म्हणाले. "स्प्रिंग माझी चुकली होती."

भाऊजींनी पेन काढलं आणि सही केली.

जनुक सापडलं, अगदी थोरल्याचंच. मी खाली जाऊन नव्या गोळ्यांसाठी डबीसुद्धा घेऊन आले, वेडी कुठली. नोंदणीच्या सकाळी ह्यांचं रक्त पुन्हा तपासलं आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. कॅन्सर हाडांच्या आत शिरला होता, जिथे रक्त तयार होतं तिथेच. हिमोग्लोबिनचा आकडा घसरला होता. मी म्हटलं, बाहेरचं रक्त चढवा. ते म्हणाले, चढवून वर आणलेला आकडा ट्रायलमध्ये धरत नाहीत, आणि नियम सोडला तरी ही गोळी मुळात रक्त खाली आणते, आता दिली तर गोळीनेच जातील.

"परवा-तेरवापर्यंत बसत होतं," ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले.

वर जाऊन ह्यांना मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान वळवली आणि शेजारच्या रिकाम्या उशीला म्हणाले, "त्या बाईला सांग, पाणी हवंय."

मी पाणी दिलं. आता हे घरीच आहेत. डॉक्टरांच्या हातात दुखणं कमी ठेवण्यापलीकडे काही नाही. लागेल ते सगळं उशीला मागतात, आणि मी देते. चादर बदलते, कूस बदलते, भांडं लावते. एकदा विचारलं, माझं काय चुकलं ते तरी माझ्या तोंडावर सांगा. उशीला म्हणाले, "दंडाला धरून हलवलंन् मला, सगळ्यांसमोर."

भाऊजी दुकान बंद करून रोज संध्याकाळी येतात. गोळीने त्यांच्या गालांवर मांस चढलंय. कॉटला खुर्ची लावून बसतात आणि दिवसभराचं सांगतात, कुठलं गिऱ्हाईक आलं, नवा कारागीर कापड कसं वाया घालवतो. हे ऐकतात. "हो दादा" म्हणतात, "नाही दादा" म्हणतात, मधेच हसतातही. मी स्वयंपाकघरात उभी राहून दोघांचं हसणं ऐकते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या आधीच हे सगळं संपावं असं मला वाटतं.