पहिली पंगत उठल्यावर

माझी बायको लुरेनी गेली त्या दिवशी मी कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर गेलो होतो. दुपार कलल्यावर परत आलो. ओढ्याच्या उतारावरूनच दिसलं की आमच्या धुराड्यातून धूर येत नाही. दिवसाउजेडी आमची चूल कधी विझत नसे.

फाटकाशी हेप्सीआजी उभी होती. आमच्या डोंगराळ भागात, अलाबामाच्या या टोकाला, ती एकटीच दाई. माझाही जन्म तिच्याच हातचा. तिने पुढच्या खेचराचा लगाम धरला आणि म्हणाली, "एनॉक, आधी खाली उतर."

मी उतरलो.

"मुलगी झाली. ती बरी आहे. लुरेनी नाही राहिली रे."

मी विचारलं, "रक्त फार गेलं का?"

"कुणाचंही जातं तेवढंच गेलं. पण तिच्यात होतंच किती? पापणी उलटून पाहिली तर चुन्यासारखी पांढरी. नखंसुद्धा तशीच." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला एक सांग. ती काय खायची?"

"आम्ही खातो तेच. मक्याची भाकरी, खारवलेलं डुकराचं मांस, सलगमचा पाला, काकवी."

"तिला खाताना तू पाहिलंस?"

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मी दिवसातून तीनदा जेवत होतो. पण लुरेनीला जेवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

शेजाऱ्यांनो, आमच्या घरची रीत तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. पुरुष आधी जेवतात. माझे बाबा, मी, माझे दोन भाऊ, आणि हंगामात जो कुणी मदतीला आला असेल तो. आई चुलीपाशी उभी असायची. लुरेनी आमच्या खुर्च्यांमागे पीचची फांदी घेऊन माश्या हाकायची, आणि भाकरी तयार झाली की माझ्या खांद्यावरून ताटात वाढायची. जेवताना बायको म्हणून मला दिसायचा तो तिचा हात. आम्ही उठून शेतावर गेलो की मग बायकांची पंगत. रानातून आलेली चार माणसं काय शिल्लक ठेवणार? पाल्याचं पाणी राहायचं. भाकरीचा करपलेला तळ राहायचा. मांस कधी राहिलंच तर ते संध्याकाळसाठी झाकून ठेवायचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तिला कुणी उपाशी राहा म्हटलं नाही. तिने कधी मागितलंही नाही. आम्ही फक्त मागे वळून पाहिलं नाही.

पायरीवर माझी सहा वर्षांची टेम्पी बसली होती. ती आपणहून बोलली.

"आई माती खायची."

"काय?"

"पांढरी माती. ओढ्याच्या दरडीतली. फडक्यात बांधून ठेवायची. मलापण द्यायची. आंबट लागते, छान लागते."

हेप्सीआजीने तिला जवळ ओढलं, अंगठ्याने तिची पापणी खाली केली आणि सोडून दिली. मग मला म्हणाली, "हिचीसुद्धा तशीच आहे. आईची गत झाली ती हिची व्हायला नको असेल तर आत्ताच बघ."

लुरेनीला आम्ही टेकडीवर पुरलं. बाळाला ओढ्यापलीकडची एक लेकुरवाळी दूध पाजायला घेऊन गेली. मग घर पुन्हा पहिल्यासारखं चालू लागलं, आणि मला तेच सोसवेना. आम्ही चौघं टेबलाभोवती बसायचो, कापसाबद्दल बोलायचो. मला वाटायचं, मी कुठल्या तरी रिकाम्या कोठारात एकटाच बसलो आहे. आणि एक दिवस ध्यानात आलं की लुरेनीला सात वर्षं रोज असंच वाटलं असेल. तिचं माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. तिच्या वयाची बाई जवळपास नाही. भरल्या घरात तिच्याकडे सगळ्यांच्या पाठी.

पुरल्याला चार दिवस झाले असतील. दुपारी जेवताना माझ्या मानेवर वारा लागला. पीचच्या पानांची सळसळ मला ओळखीची होती. घास हातात तसाच राहिला. त्या घरात जन्म घालवून मी पहिल्यांदाच जेवताना मागे वळून पाहिलं.

एका पालथ्या खोक्यावर टेम्पी उभी होती. फांदी तिच्याहून लांब होती. आपल्या आईसारखीच ती दोन्ही हातांनी फांदी हलवत होती.

"खाली उतर," मी म्हणालो.

"माश्या बसतील ना."

"बसू देत. तू जेवलीस?"

"अजून कुठे? तुमचं व्हायचंय."

चुलीजवळून आई म्हणाली, "तिला शिकू दे की. उद्या परक्या घरी जायचंय तिला."

माझा धाकटा भाऊ जेथ्रो हसला. "एनॉकदादा, तूच घे ती फांदी. हवं तर आईचा एप्रनही बांध."

मी पुन्हा जेवू लागलो. खरं सांगतो, मला लाज वाटली. मुलगी मरणाच्या वाटेला लागली आहे हे कळूनही भावाच्या एका टोमण्यापुढे मी मान खाली घातली. असले भित्रे आपण सगळेच असतो.

रविवारी बाळाला बघायला गेलो तिथे हेप्सीआजी होती. मी म्हणालो, "आजी, घरची रीत आहे. मी एकटा काय करू?"

"गाय व्याली की तिला काय घालतोस?"

"कोंडा. गरम पाण्यात भिजवून, मीठ घालून."

"कधी? तुझं जेवण झाल्यावर, उरला तर?"

"असं कसं? आधी. नाहीतर आटेल ना ती."

"आणि खेचरं?"

"ती सगळ्यांच्या आधी."

"मग बघ." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "गोठ्यातली रीत तुला चांगली ठाऊक आहे. ती दाराच्या आत आणायला कुणाची परवानगी हवी? अरे, या डोंगरात मी चाळीस वर्षं बायकांची बाळंतपणं करतेय. किती पुरल्या! लोक म्हणतात देवाची इच्छा. देवाच्या माथी किती मारायचं? देवाने मका पिकवला. तो कुणाच्या ताटात आधी पडतो, ते देव ठरवत नाही."

"बाबा ऐकायचे नाहीत."

"मग बाबांना सांभाळ आणि पोर घालव. दोन्ही जमणार नाही."

त्या आठवड्यात पाऊस होता, शेतातलं काम बंद. मी पॉप्लरची एक फळी तासून लांब बाकडं केलं. टेबलाशी पाचच खुर्च्या होत्या, आणि आईचं नेहमीचं म्हणणं, "बसायचं म्हटलं तरी बसायचं कुठे?" ती अडचण मला आधी मिटवायची होती. बाकडं भिंतीशी ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. बाबांना वाटलं, पाद्री येणार म्हणून केलं असेल.

पाद्री महिन्यातून एकदा आमच्याकडे येत. बुटके, आनंदी गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, "तुमच्या कोंबड्या मला बघून पळाल्या, म्हणजे ओळख आहे अजून." त्या दिवशी आईने दोन कोंबड्या तळल्या होत्या. आमच्याकडे तंगडी पाद्र्याची, छाती घरधन्याची, आणि मान पोरांची, तीही पोरांची पंगत येईपर्यंत उरली तर.

सगळे बसले. मी टेम्पीला उचललं, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि बाकडं ओढून तिच्या शेजारी बसलो.

बाबांनी प्रार्थनेसाठी मान खाली घातली होती, ती वर केली. "ती खुर्ची कुणाची?"

"माझी."

"मग तिथे पोर कशी?"

"जेवायला बसलीय."

"मागाहून जेवेल. पाद्री बसलेत. तिला उठव."

"नाही बाबा."

आयुष्यात मी त्यांना हा शब्द कधी म्हटला नव्हता. पाद्री आपल्या ताटाकडे बघू लागले. जेथ्रो या वेळी हसला नाही. टेम्पी खुर्चीवरून उतरायला लागली, मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी म्हणालो, "हिची आई या खुर्चीमागे सात वर्षं उभी होती. आपण जेवलो आणि तिने दरडीतली माती खाल्ली. हीसुद्धा खातेय. हेप्सीआजीने हिचे डोळे पाहिलेत. ही आधी जेवेल, नाहीतर मीही जेवणार नाही."

"माती?" बाबा म्हणाले. "कसली माती? माझ्या घरात कुणी माती खात नाही."

तेव्हा चुलीजवळून आई बोलली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, कढईतलं मांस उलटत होती.

"मी खाल्लीय."

तिने आणखी एक तुकडा उलटला.

"तुमची सहा पोरं माझ्या पोटात होती, प्रत्येक वेळी खाल्लीय. माझ्या आईनेही खाल्ली होती. लुरेनीला ती जागा मीच दाखवली. म्हटलं, पोटात कालवतंय ना, याने थांबेल." तिने कढई खाली उतरवली. "पोरीला जेवू द्या."

बाबा साठीच्या पुढचे. पंचेचाळीस वर्षं ती बाई त्यांच्या पाठीमागे उभी होती. त्यांनी खुर्चीत अंग वळवलं आणि तिच्याकडे बघत राहिले. काय दिसलं त्यांना, मी सांगू शकत नाही. ते परत वळले, टेम्पीला उठ म्हणाले नाहीत. पाद्र्याला म्हणाले, "करा प्रार्थना."

आमच्या पाद्र्याची प्रार्थना लांबलचक असते. त्या दिवशी त्यांनी दोन वाक्यांत आटपली.

टेम्पीने मांसाला हात लावायच्या आधी भाकरी घेतली. न करपलेली, मऊ भाकरी. ती तिने हातात धरली, फुंकर मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, ही गरम आहे." सहा वर्षांच्या पोरीला गरम भाकरीचं नवल वाटलं. चुलीपासून चार पावलांवर वाढलेल्या पोरीला!

तेव्हापासून टेम्पी पहिल्या पंगतीला बसते. ओढ्याकडची वाट तिने एका दिवसात सोडली नाही. दोनदा तिच्या तोंडाला पांढरं दिसलं. मी ओरडलो नाही, आणखी मांस वाढलं. वसंतात हेप्सीआजीने पापणी खाली करून पाहिली आणि म्हणाली, "येतोय रंग." बाळही आता घरी आलं आहे.

माझ्या शेजाऱ्यांनो, मी शिकलेला माणूस नाही, पण एवढं तुम्हाला सांगायचं आहे. आपण बायकांना मारत नाही, शिव्या देत नाही, म्हणून स्वतःला भले समजतो. भलेपणा तेवढ्यावर ठरत नाही. जी बाई घराला जेवू घालते ती जेवली का, हे पाहणं पुरुषाचं काम आहे. विचारून भागत नाही. विचाराल तर ती म्हणेल, "जेवले की." लुरेनीही तेच म्हणायची, आणि मला ते सोयीचं होतं. शेजारी बसवा आणि डोळ्यांनी पाहा. ज्या रिवाजाने घरातली माणसं मरतात त्याला रिवाज म्हणून कवटाळू नका. टेबल लहान असेल तर बाकडं करा. फळी हवी असेल तर मी देईन.

खोऱ्यातल्या तीन घरांत आता बायका सोबत बसतात. बाकीच्या घरांत नाही. चर्चच्या जेवणात अजूनही त्या मागाहूनच जेवतात.

आणि माझी आई. बाकड्यावर तिला जागा आहे, बाबांनी स्वतः दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणते, "इतक्या वर्षांनी आता बसून मला घास उतरायचा नाही रे. माझं चुलीपाशीच बरं." ती ताट हातात घेते आणि उभी राहून जेवते. तिला बसवणं अजून मला जमलेलं नाही.