नाव न सांगितलेला डोंगर

होल्गरच्या नकाशावर आमच्या खाडीच्या तोंडापासून आतल्या बर्फाच्या पठारापर्यंतचे सगळे डोंगर नावानिशी आले होते, एक सोडून. आणि तो एक सगळ्यांत उंच. समुद्रात कितीही लांब गेलं तरी त्याचं काळं टोक दिसतं, आणि शिकारी त्याच्याकडे बघूनच घरची वाट धरतात. नकाशावर त्याच्याजवळ नुसती कोरी जागा होती.

होल्गर डेन्मार्कहून आलेला नकाशावाला. हिवाळा लांबच्या पाद्र्याच्या ठाण्यावर काढून वसंतात आमच्या वस्तीत आला, सीलचं मांस खायला शिकला, आमची भाषा मोडकीतोडकी बोलू लागला. आल्या आल्याच माझे सासरे कुइत्से यांनी त्याला कुत्र्यांच्या गाडीवरून अख्खी रांग फिरवून आणली. तो तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचा आणि मामंजी नावं सांगायचे. त्या सगळ्यांत उंच डोंगरापाशी आले की मात्र मामंजींना एकाएकी कुत्र्यांचे पट्टे तपासायचे असायचे.

कारण साधं होतं. त्या डोंगराचं आणि माझ्या नवऱ्याचं नाव एकच. हिवाळा संपता संपता माझा नवरा शिकारीला गेला आणि त्याची कयाक, कातड्याची होडी, तेवढी रिकामी सापडली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. नावाला अंग उरलेलं नसतं, त्याला उगाच हाक मारून हाल कशाला करायचे? पुढे एखादं मूल जन्मतं, ते नाव त्याला देतात, नावाबरोबर गेलेलं माणूसही त्या मुलात परत येतं, मग सगळे मोकळे होतात. तोवर डोंगरालाही सगळे ‘तो मोठा’ म्हणायला लागले. मूल माझ्याच पोटात होतं.

लोक समजूतदार होते, माझ्यासमोर फार जपून बोलायचे. त्या जपण्याचाच मला संताप यायचा. नवरा गेला ते गेलाच, पण त्याचं नावही महिनोन्‌महिने कानावर पडू नये! मला ते ऐकायची भूक लागली होती.

उन्हाळ्याच्या शेवटी जहाज आलं. होल्गरनं पेट्या बांधल्या आणि आमच्या तंबूपाशी येऊन बसला. मामंजी कयाकीच्या कातड्याला टाके घालत होते.

“कुइत्से, आता तरी सांग. नाहीतर त्या जागी दुसरं नाव पडेल.”

“कुणाचं?”

“आमच्या मोहिमेला पैसे देणारा एक लोण्याचा व्यापारी आहे, त्याचं.”

“डोंगर चढतो का तो?”

“त्याला घरातला जिना चढवत नाही.”

मामंजी खो खो हसले. “मग थांब जरा.”

“कुठवर?”

मामंजींनी हनुवटीनं माझ्या पोटाकडे दाखवलं.

“म्हणजे माझा नकाशा हिच्या पोटापाशी अडलाय?”

“तुझ्या नकाशाचं काय घेऊन बसलास, आम्ही सगळेच तिथं अडलोय.”

पण जहाज काही थांबणार नव्हतं. बाहेरचा बर्फ परत किनाऱ्याकडे सरकत होता आणि कप्तानाला घाई झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी होल्गर मला पाण्यापाशी गाठून म्हणाला, “तुझा बाप्तिस्मा झालाय. हे सगळं खोटं असतं, असं पाद्री सांगतो ना? हळूच सांग. कुणाला कळणार नाही. तुझ्याच नवऱ्याचं नाव राहील त्या डोंगराला.”

हे तो मनापासून म्हणत होता. मी तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात पोटात लाथ बसली आणि मी घाबरले. आता बोलले आणि नाव माझ्या मुलाकडे आलंच नाही तर? पाद्री काहीही म्हणो. एकदा त्याला गमावलं होतं, डोंगरापायी पुन्हा गमावायचं नव्हतं.

“लोणीवाल्याचं लिही,” मी म्हणाले आणि रडत तंबूत गेले.

सकाळी जहाज निघालं, पण बाहेरच्या बर्फानं त्याला अडवून धरलं. किनाऱ्यावरून डोलकाठी दिसत होती. त्याच दुपारी मला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. शेजारची म्हातारी माझी सुईण. तिनं बाळाच्या ओठांना पाणी लावलं, कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, “नापातोक!”

बाहेर मामंजींनी ते ऐकलं. आतही न डोकावता त्यांनी कयाक पाण्यात लोटली. आमची सगळी वस्ती किनाऱ्यावर येऊन ओरडत होती, “नापातोक! सांग त्याला, नापातोक!” आपल्या पोरांना, कुत्र्यांनासुद्धा लोक ते नाव ऐकवत होते. मी पडल्या पडल्या ऐकत होते आणि माझं पोट भरत होतं.

पुढचं मामंजींनीच सांगितलं. ते जहाजाच्या कुशीशी पोचले तेव्हा होल्गर कठड्यावरून ओणवा झाला. नाव ऐकून त्यानं तिथंच नकाशा काढला. लिहिता लिहिता विचारलं, “मुलगा झाला तर!”

“मुलगी.”

“मुलीला बापाचं नाव?”

“नावाला काय मिशा असतात? लिही मुकाट्यानं.”

त्यानं लिहिलं, आणि नकाशा उलटा धरून मामंजींना दाखवला. मामंजींना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी बराच वेळ बघून घेतलं.

परतले तेव्हा ते ओलेचिंब होते. आत येऊन बाळाजवळ बसले. मला वाटलं, आता लाड करतील. पण त्यांचा चेहरा आक्रसला.

“सांगितलं होतं ना तुला?” ते बाळावर खेकसले. “वारा फिरलाय, आज जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं! ऐकायचं नाहीच. बापाला काय अक्कल असते! किती शोधलं तुला, माहिताय? हात सोलले माझे वल्हं मारून.” इतके महिने या माणसानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि आता ते लहान मुलासारखे रडत होते.

बाळही रडायला लागलं. मी तिला उचलून छातीशी घेतलं.

“पुरे आता मामंजी,” मी म्हणाले. “नका ओरडू त्याला. आलाय ना घरी.”